वरच्या खोलीतली फौज

कोल्हापूर, १२ जुलै २००३

शशिधर यास अज्जीचा आशीर्वाद. पाहिजे असला तर घे, नको असला तर ही ओळ सोडून पुढं वाच.

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, हुकूमनामाच तो. खोली बंद ठेव, खिडकी ऊन असेल तेव्हाच उघड, झाडू नको, फडकं मारू नको, मांजराला वर चढू देऊ नको. अज्जी तू कशी आहेस, एवढं लिहायला मात्र शाई पुरली नाही. मी बरी आहे. गुडघे दुखतात. विचारलं नाहीस तरी सांगितलं.

किल्ली माझ्या कमरेला आहे. तुझी आई गेल्यापासून या घरात माणसं तीन. त्यातला तू बॅग उचलून बंगळूरला गेलास, राहिलो मी आणि तुझा बाप. तो वर जात नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चपला काढतो, तेवढाच त्याचा जिन्याशी संबंध. मग तुझ्या फौजेला धोका कुणाचा? मी तिसरी शिकलेली असले तरी दार ओढून घ्यायला अक्कल लागत नाही.

खरं सांगते, मलाही ते खूळच वाटायचं. दिवाळीला पोरं मातीचे किल्ले करतात आणि मिसरूड फुटलं की विसरतात. तुझं वाढतच गेलं. अंगठ्याएवढी माणसं, तारेच्या हाडांवर एम-सीलचं मांस, आणि डोळ्याला भिंग लावून तू त्यांच्या मिशा रंगवत बसायचास. जोतिबाच्या यात्रेतनं चुंबकाच्या कुड्या ओंजळभर आणल्यास, बिनभोकाच्या कानाला लावतात त्या. शेजारच्या धोंडुबाईनं दारातनं बघितलं आणि मला म्हणते, "शांतव्वा, नातवाला पोरगी गावली वाटतं. का सोताच घालनार हाय?" मी म्हटलं, "घालू दे की. तुझ्यापरीस शोभतील." ती आठ दिवस बोलली नाही. घराला शांतता मिळाली.

तुझ्या बापाचं तेवढं मनावर घेऊ नको. "चोवीस वर्सांचा घोडा बाहुल्या खेळतोय आनि लेथवर मी लोकांची पोरं ठेवतोय," असं तो म्हणाला खरं. पण तूही काय कमी बोललास? "तुमच्या लेथवर उभं ऱ्हान्यापरीस मी भीक मागीन." उद्यमनगरातल्या वर्कशॉपात तीस वर्षं लेथपुढं उभं राहून ज्याच्या पायाच्या शिरा सुजल्यात त्याला हे म्हणालास. दोघांची तोंडं माझ्यावर गेलीत, म्हणून मी तरी कुणाला काय बोलणार.

फौज सुखरूप आहे. तू सुखरूप राहा. भात नीट शिजवून खात जा.

अज्जी


कोल्हापूर, ४ सप्टेंबर २००३

शशी, आशीर्वाद आहेच.

या खेपेला तू माणसासारखं पत्र लिहिलंस. मला समजेल असं सगळं फोड करून सांगितलंस, म्हणून मी वर जाऊन एकेक ताडून बघितलं. प्रत्येक शिपायाच्या मनगटात चुंबक, आणि हत्यार धरलेला पंजा वेगळा, त्यातही चुंबक. तलवारीचा पंजा काढायचा, भाल्याचा लावायचा. घोडेस्वार घोड्यावरनं उतरवायचा. मनगटातल्या चुंबकाची लाल ठिपक्याची बाजू बाहेर आणि पंजातल्याची आत पाहिजे, नाहीतर पंजा बसत नाही. मी एकाला तलवार दिली. टक्कन जाऊन बसली, जशी काय त्याचीच वाट बघत होती. मला हसू आलं.

खालून तुझा बाप ओरडला, "अव्वा, कुनाशी बोलतीस?"

"सैन्याशी," मी म्हटलं.

तो वर आला नाही. पण रात्री जेवताना पानात बघत विचारतो, "घोडं किती हायत?" मी म्हटलं, "वर जाऊन मोज की." उठून हात धुवायला गेला.

मलाही एक विचारायचं होतं. ही लढाई कुठली? टेबलावर डोंगर आहे, नदी आहे, नदीत उतार आहे, पलीकडं जळलेलं गाव आहे. पन्हाळ्याची म्हणावी तर तसं दिसत नाही. तू लिहिलंस, कुठलीच नाही, खेळणाऱ्यांनी फासे टाकून ठरवायची. म्हणजे एवढं रंगवून कोण जिंकणार हेही ठाऊक नाही? कमाल आहे. पण मला आवडलं ते.

आणि ते डिसेंबरचं मी नीट ध्यानात ठेवलंय. तिथं बंगळूरला असले खेळ खेळणारे सगळे जमणार, तुमचे साहेब बघायला येणार, आणि हे टेबल त्यांच्या डोळ्यांत भरलं तर बिल्डिंगांची मॉडेलं करायच्या कामावर तुला कायम घेणार. मग बापापुढं ताठ उभा राहशील. राहा. नोव्हेंबरात तुझा दोस्त उन्मेष टेम्पो घेऊन येईल तोवर मी डोळ्यांत तेल घालून बसते. पावसाची ओल भिंतीला आली होती म्हणून मी टेबल एकटीनं हातभर पुढं ओढलं. गुडघ्यांचं पुन्हा विचारलं नाहीस.

दसऱ्याला ये. बापाशी बोलू नको हवं तर. पुरणपोळी तोंड बंद ठेवूनही खाता येते.

अज्जी


कोल्हापूर, ८ ऑक्टोबर २००३

शशी,

दसरा झाला. सोनं पत्रात घातलंय, चुरा झाला असेल तर पोस्टाला शिव्या दे. तू आला नाहीस. बरं झालं. म्हणजे, बरं नाही झालं, पण आलास काय आणि न आलास काय, घर तेच.

वर ठीक आहे. टेबल जागच्या जागी आहे.

एक सहज विचारते. एखादा चुंबक निघाला, समज, तर तो कशानं चिकटवायचा? दुकानदार फेविक्विक म्हणतो. आणि ठिपका गेला असेल तर बाजू कुठली ते नुसत्या डोळ्यांना कळतं का? मला आपलं माहिती असावं म्हणून विचारलं. रंगाच्या बाटल्या कुठल्या दुकानातल्या? मिशांना कुठला ब्रश लागतो? आणि डोंगर खालपासून मातीचाच आहे ना? वर तू चहाची पूड आणि भुसा लावलास ते ठाऊक आहे. पण आत माती असेल असं मी आपलं धरून चालले होते.

धोंडुबाईच्या सुनेला मुलगी झाली. ऊस चांगला आहे म्हणतात. जिन्याच्या दोन फरशा हलतात, त्या बसवून घ्यायच्या आहेत, म्हणून उन्मेषला एवढ्यात पाठवू नको. पडला बिडला तर आपल्या अंगावर.

पाय दुखतात म्हणून थोडक्यात लिहिते.

अज्जी


कोल्हापूर, १८ ऑक्टोबर २००३

शशी,

नको म्हटलं तरी तू पाठवलेला उन्मेष येऊन गेला, ते तुला कळलंच आहे. मी किल्ली सापडत नाही म्हटलं, तर त्या मेल्यानं माझ्या कमरेकडं बोट केलं. वर गेला. खाली आला तो चहा न घेताच गेला.

तुझं पत्र काल आलं. "अज्जी, कुणी केलं?" एवढंच लिहिलंस. कागद सगळा कोरा.

मी काय सांगू? मी म्हातारी बाई. दिवसभर चुलीपाशी असते. कमरेला किल्ली असली म्हणून काय झालं, अंघोळीला जाताना ती खुंटीला असते. तू कसा गेलास, काय बोलून गेलास, ते तुला आठवत असेल. राग माणसाच्या पोटात राहतो आणि कधीतरी बाहेर पडतो. या घरात पुरुष माणूस एकच आहे. मी कुणाचं नाव घेत नाही. माझ्या पोटचा आहे, मी घ्यावं तरी कसं?

झालं ते झालं. तू डोकं शांत ठेव. दुसरं करशील. तुझे हात चांगले आहेत.

अज्जी


कोल्हापूर, २७ ऑक्टोबर २००३

शशिधर,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नको. बस.

तुझ्या बापानं काही केलं नाही. तो वर गेला नाही, त्यानं किल्ली घेतली नाही, बोट लावलं नाही. ते मी केलं. दुसरं कुणीही नाही, मी.

सगळं सांगते. मध्ये माझ्या बाजूचं काही आलं तर ते खरं म्हणून आलंय, सूट मिळावी म्हणून नाही.

खंडेनवमीला सकाळी तुझा बाप वर्कशॉपच्या पूजेला निघाला. स्कूटरला झेंडूची पिशवी अडकवली होती, लेथला आणि ड्रिलला घालायचे हार त्यात होते. मी विळी, अडकित्ता, खलबत्ता धुऊन पाटावर मांडत होते. तो गेला तसा परत आला. पिशवीतली मूठभर फुलं काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "वर पन टाक. त्याचीबी हत्यारंच हायत ती." माझ्याकडं बघितलंही नाही. किक मारून गेला.

हे मी तुला त्याच दिवशी लिहायला पाहिजे होतं. ते न लिहिता काय लिहिलं ते तुझ्याजवळ आहे.

फुलं टाक म्हणाला होता तो. फुलं टाकून खाली आले असते तर काही झालं नसतं. पण मी शांतव्वा. माझ्या घरात न धुतलेल्या हत्याराला कधी कुणी विभूती लावली नाही. स्पॅनर धुतात, पंप धुतात, सायकलसुद्धा धुतात, मग तुझ्या तलवारींनीच काय पाप केलं? चार महिन्यांची धूळ बसली होती त्यांच्यावर, तीही तुझ्याच हुकमानं. मला वाटलं, पोराची पहिली पूजा होतेय या घरात, ती अर्धवट कशाला करू?

परात वर नेली. कढत पाणी ओतलं. माणसं, घोडे, पंजे, सगळी फौज अंघोळीला घातली आणि देव घासते तशी चिंच लावून घासली. पाणी निळं झालं, मग लाल झालं. मला वाटलं, मळ निघतोय. मी आणखी जोरात घासलं. मिशा गेल्या तेव्हा कळलं काय निघतंय ते. तोवर चुंबक सुटून परातीच्या तळाला एकमेकांना धरून बसले होते, एक गोळा झाला होता त्यांचा. एकाही चुंबकावर ठिपका राहिला नव्हता.

तिथं तरी थांबावं की नाही? नाही थांबले. उलट मनात म्हटलं, पूजा पुरी केली तर देव बघून घेईल. उघडी बोडकी माणसं डोंगरावर मांडली, एकेकाच्या कपाळाला विभूती लावली, झेंडू वाहिला. उदबत्ती खोचायला केळं नव्हतं. डोंगरात खोचली. एक नाही, जुडगाच. आणि पुरण करपेल म्हणून खाली आले.

निवद घेऊन वर गेले तेव्हा डोंगर आत बसला होता. जाळ नाही, काही नाही. आत थर्माकोल होता, तो गप वितळत गेला. माथ्यावरचं देऊळ तिरकं होऊन भोकात पडलं होतं आणि निम्मी माणसं त्याच्यामागं.

दुपारी तुझा बाप आला. दारातच वास घेतला. "काय जळालं?" "पातेलं," मी म्हटलं. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. नखांत निळं, लाल. "बरं," म्हणाला आणि पाटावर बसला. पुरणपोळीला नाव ठेवलं नाही. नेहमी ठेवतो.

मग पुढचे दिवस मी वर बसून चुंबक चिकटवले. फेविक्विकनं माझी बोटं एकमेकांना चिकटली, ती रॉकेलनं सोडवली, त्यात कातडी गेली. निम्मे उलटे बसले. शिपायाला तलवार द्यायला जावं तर तलवार लाथ मारून उडते. हे सगळं मी तुला "सहज विचारते" म्हणून लिहीत होते. तू हुशार आहेस, तुला तेव्हाच समजलं असणार काहीतरी झालंय. पण अज्जी खोटं लिहील, हे तुला कुठून समजणार?

लक्ष्मीपूजनाला तुझं पत्र त्याच्या नावानं आलं. घरातनं गेल्यापासून पहिलं. तुझं अक्षर बघितलं आणि त्यानं हात पॅंटला पुसले, ग्रीस लागू नये म्हणून. मग पत्र फोडलं. उभ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर घडी घातली, जशी होती तशीच, आणि खिशात ठेवली. शर्ट बदलून तो पूजेला गेला तेव्हा मी ती खुंटीवरच्या शर्टातनं काढून वाचली. "यापुढं मला मुलगा म्हणू नका." हे तू त्याला लिहिलंस. माझ्या शब्दावरनं लिहिलंस.

तो आल्यावर मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तू त्याला फोन कर. मी न्हवं केलं म्हनून सांग."

"मग कुनी केलं म्हनून सांगू?"

मी पणतीतली वात सारखी करायला लागले.

"अव्वा, मला खंडेनवमीलाच कळलंय," तो म्हणाला. "माझ्यावर तो तसाबी रागावलेलाच हाय. तुझ्यावरबी रागावला तर ह्या घरात त्याचं कोन ऱ्हाईल?"

एवढं बोलून पणत्यांत तेल घालत बसला. मी ज्याला बापाच्या माघारी वाढवलं, ज्याला जन्मभर ठोंब्या म्हणत आले, तो माझी लाज झाकून बसला होता आणि त्यापायी आपला पोरगा घालवून बसला होता. मी दिवाळीभर कुणाच्या दारात गेले नाही. धोंडुबाई फराळाचं ताट घेऊन आली, तर तिच्याशी भांडायलाही तोंड उघडेना.

शशी, फौज मोडली ते अडाणीपणानं. त्याबद्दल तू मला अडाणी म्हण, मी ऐकून घेईन. पण ते पुरुष माणसाचं वाक्य मी अडाणीपणानं लिहिलं नाही. पेन थांबवलं होतं. कसं लिहिलं म्हणजे खोटंही होणार नाही आणि तुला वाटायचं ते वाटेल, याचा विचार करून लिहिलं. माझी तिसरी तिथं बरोबर उपयोगाला आली. आणि लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं होतं, हेही सांगते. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

मला माफी नको. मागून मिळणारी असती तर मी तोंडानं मागितली असती, तेवढं तोंड देवानं दिलंय. तू त्याला लिही. मला आधी लिहिशील तर ते मी न फोडता परत पाठवीन.

किल्ली त्याला दिली आहे.

शांतव्वा


कोल्हापूर, ११ नोव्हेंबर २००३

शशिधर,

या पत्राला उत्तर नको. नुसतं कळावं म्हणून लिहिते, कारण तो तुला हे सांगणार नाही.

घर सोडल्यापासून तू फोन केला नव्हतास, बाप उचलेल म्हणून. परवा केलास आणि त्यानंच उचलला. मी स्वयंपाकघरात होते. त्याचं तेवढं ऐकू आलं.

"कोन?" आणि मग खट्ट वाजलं. मला वाटलं, ठेवला.

"हां. बोल की." मग म्हणाला, "न्हाय, मी हात लावला न्हाय अजून. वर जाऊन बघितलं फकस्त... व्हय, घोडं बघितलं. मोजलं. एकाचा पाय मोडलाय, ते तार घालून हुईल." मग, "उलटं बसलेलं ब्लेडनं काढू का? बरं. मग बाजू कशी कळनार?... आरं तिच्या, होकायंत्र हाय की वर्कशॉपात. थांब, लिवून घेतो, थांब, ठेवू नकोस."

कागद शोधताना त्यानं कॅलेंडरचा नोव्हेंबर फाडला.

थर्माकोल कुठून आणायचा ते विचारलं. डिसेंबरला पोचंल का, विचारलं. रविवारी तू येणार म्हणालास वाटतं, कारण तो म्हणाला, "ये की. तुझंच घर हाय, मला काय इचारतोस?" हे जरा रागानं म्हणाला. त्याला दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही, ते तुला ठाऊक आहे.

मग म्हणाला, "अव्वा? हाय की, हितंच. देऊ?"

मी पीठ लागलेले हात पदराला पुसले. पुसले खरे.

"बरं," तो म्हणाला. मला हाक मारली नाही. मी पुन्हा भाकरी थापायला घेतली.

तू बरोबर केलंस. रविवारी आलास तरी माझ्याशी बोलायची जबरदस्ती नाही. मी वाढीन, तू जेव. वर मी येणार नाही. तुम्हा दोघांना चहा पाहिजे असला तर जिन्याच्या तोंडाशी ठेवीन, त्याला न्यायला सांग.

एकच सांगायचं होतं. परवा तू फोन ठेवलास तो पटकन ठेवलास. पुढच्या वेळी ठेवताना त्याला ठेवतो म्हणून सांग. तुझ्या बाजूनं बंद झाला तरी तो रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा होता. भाकरी गार झाली, तरी मी त्याला जेवायला ये म्हटलं नाही.

शांतव्वा